बांधाच्या आतला बगळा

बगळा बांधाच्या आतल्या अंगाला उभा होता, आणि तेच मला खटकलं. बाहेर उभा असता तर मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. बाहेर खाडी आहे, चिखल आहे, चिखलात उड्या मारणारे निवटे मासे आहेत. बगळ्यांचं सगळं दुकान तिकडेच. आत आमचं भाताचं शेत. कापणी उरकलेली, भात झोडून घरात आलेलं, शेतात नुसती धसकटं उरलेली. अशा रिकाम्या शेतात, खाडीकडे पाठ करून, हा कशाची वाट बघत होता?

उरणच्या बाजूला आमच्यासारख्यांची शेतं खाडीला खेटून आहेत. मध्ये मातीचा उंच बांध असतो, म्हणून भात पिकतं. बांधाला कुठे बीळ पडलं की भरतीचं पाणी आत शिरतं, आणि शेत एकदा खारं झालं की मग काही पावसाळे जावे लागतात ते धुऊन निघायला. तोवर कोणी लक्ष दिलं नाही तर पाण्याबरोबर तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, बी येतं, रुजतं, आणि बघता बघता शेताचं खाजण, खाऱ्या चिखलाचं रान होतं. त्यामुळे आमच्याकडे बांधावर नजर ठेवणं हे शेतीतलं निम्मं काम. बाबांनी मला लहानपणी ही नजर शिकवली होती ती बगळ्यावरून. ते म्हणायचे, "बगला आत उबा रायला म्हंजे पानी आत येतंय. बगला उपाशी कंदी उबा रात न्हाय." भरतीच्या वेळी बगळा आत जिथे उभा असेल तिथे जायचं, खाली वाकायचं आणि बीळ शोधायचं. बहुतेक वेळा सापडायचंच.

मी वाकलो. बांधाचा तो भाग हातभर हातभर चाचपला. गवत जागच्या जागी, माती घट्ट, बीळ नाही. शेतात मात्र टाचेएवढं पाणी. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्या स्वभावामुळे घडलं. मी बंदराजवळच्या कंटेनर यार्डात नोकरी करतो. येणाऱ्या कंटेनरची सीलं तपासणं हे माझं काम. सील शाबूत असलं म्हणजे आतला माल शाबूत असतो, असं समजणारा माणूस तिथे एक आठवडा टिकत नाही. तेव्हा संशय घेण्याचा मला पगार मिळतो, आणि तो घरी येताना गेटवर काढून ठेवता येत नाही. बायको म्हणते, मी भाजीवाल्याकडच्या लिंबाकडेही आरोपीसारखं बघतो. असेल. पण लिंबू आतून कोरडं निघालं की तीच मला हाक मारते.

आणि दुसरी गोष्ट. मला ते शेत विकायचं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही. समुद्रावरचा पूल झाल्यापासून आमच्या भागात ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडे पाहुणे, अशी गत झाली आहे. मुलगी बारावीला होती, पुढे ती पनवेलला शिकणार, तिथे दोन खोल्या घ्याव्यात असं माझ्या मनात होतं. भात करून दोन खोल्या होत नाहीत. सातबारा बाबांच्या नावावर होता. त्यांना मी अजून विचारलं नव्हतं. शेतावर त्यांचा जीव आहे हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक. म्हणून योग्य वेळ बघून, त्यांची जेवणं-झोपणं सांभाळून, हळूच विषय काढायचा असं मी ठरवलं होतं. बायको दर चार दिवसांनी विचारायची, "विचारलंत का?" मी म्हणायचो, "विचारतो."

दलाल मात्र कापणीच्या बऱ्याच आधी येऊन गेला होता. पांढरे बूट घालून चिखलात आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. बांधावर उभा राहून त्याने मोबाइलमध्ये शेताचे फोटो काढले आणि म्हणाला, "साहेब, जागा मस्त आहे. पण पार्टीला एकदम क्लिअर लँड पाहिजे. मँग्रोव्ह दिसला ना, एक जरी, तर फाइल बंद. ते फॉरेस्टचं लफडं कोणाला नको. तुमच्या बाजूवाल्याचं बघा ना, पडलंय तसंच."

बाजूवाला म्हणजे माझा चुलत भाऊ. त्याच्या शेताचा बांध पूर्वी एका पावसाळ्यात उधाणाने फुटला. तो तेव्हा नोकरीसाठी बाहेर होता, बांध कोणी बांधला नाही, आणि आता तिथे माणूस उभा दिसणार नाही एवढी तिवरं आहेत. ना पिकवता येत, ना तोडता येत, ना विकता येत.

म्हणून आमच्या शेतातलं ते टाचभर पाणी मला साधं वाटलं नाही. ते पाणी शेतात नव्हे, माझ्या पनवेलच्या दोन खोल्यांत शिरत होतं.

मी दर रविवारी बांधावर जायला लागलो. घरात सांगायचो, पाय मोकळे करून येतो. खरं तर त्या बगळ्यावर पाळत ठेवायला जात होतो. तोपर्यंत बगळा म्हणजे पांढरा, एवढंच माझं ज्ञान. हा काळा होता. अगदी कोळशासारखा नाही, पाटीसारखा, निळसर काळा. गळ्याखाली तेवढा पांढरा पट्टा, जेवताना कोणी फडकं खोचून द्यावं तसा. पाय काळपट, पण पंजे पिवळे. उडाला की ते पिवळे पंजे मागे लोंबताना दिसायचे. पुढे कळलं की याच जातीत पांढरेही असतात, एकाच घरात एक काळा आणि एक पांढरा निघू शकतो. हे कळल्यावर माझा त्याच्यावरचा विश्वास आणखीच उडाला. ज्याच्या रंगाचा भरवसा नाही त्याच्या बाकीच्या गोष्टींचं काय सांगावं?

त्याचं वागणंही सरळ नव्हतं. मान आत ओढून, पाठीला पोक काढून असा उभा राहायचा की वाटावं, याला जगातलं काही नको. मग एकदम एक पंजा पुढे करून चिखल ढवळायचा. थरथर, थरथर, जणू पायाला कंप सुटलाय. चिखलात दडलेलं काही हललं की पंख अर्धे उघडून दोन्हीकडे तोल सावरत धावायचा, वळायचा, पुन्हा धावायचा, आणि चोच अशी मारायचा की आपल्याला फक्त ती वर आलेली दिसावी, आडव्या धरलेल्या माशासकट. गिळलं की पुन्हा तोच पोक, तेच वैराग्य. दुसरा बगळा जवळ आला तर मात्र मानेची पिसं फुगवून त्याच्या अंगावर जायचा. त्याला ती जागा वाटून घ्यायची नव्हती.

आणि माणसाचा त्याला भयंकर संशय. मी बांधाच्या त्या टोकाला दिसलो की इकडे मान ताठ. आणखी चार पावलं टाकली की घशातून खरखरीत शिवी देऊन उडायचा आणि चुलत भावाच्या तिवरात जाऊन बसायचा. मी जाईपर्यंत तिथून माझ्याकडे बघत. त्याचं माझ्याविषयीचं मत आणि माझं त्याच्याविषयीचं, यात फरक नव्हता.

बसायचा तो चुलत भावाच्या हद्दीत, हे मी विसरलो नाही.

चुलत भाऊ मला आधीपासूनच पाण्यात पाहतो. दोन शेतांमधल्या मेरेवरून आमच्या बापांचं भांडण होतं, ते आम्ही जपून ठेवलं आहे. त्याची जमीन गेली, माझी विकली जाणार. कोणाच्या पोटात दुखणार नाही? मी सरळ त्याच्या दारात गेलो.

"माज्या शेतात पानी तू सोडतोस?" मी विचारलं.

तो ओट्यावर जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "तुजं शेत खारं करून मना काय भेटनार? बोंबील?"

"तुला जलन हाय."

आता त्याने वर पाहिलं. "जलन व्हती तवा व्हती. माज्या शेतात तिवरं आली, तवा तू नोकरीवर जाता-येता रोज बगत व्हतास. येक रोप उपटलंस? आता तुज्याकरं पानी आलं त माज्या दारात आलास."

यावर मी आणखी मोठ्याने बोललो. त्याची बायको बाहेर आली, शेजारची दोन माणसं आली, आणि मी परत फिरलो. घरी बाबा ओट्यावर बसले होते. लिहिताना मी त्यांना अहोजाहो करतो खरा, पण घरात आम्ही त्यांना अरेतुरेच करतो, आमच्याकडची रीतच आहे.

"कोनाशी भांडून आलास?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बगळ्याचंही सांगितलं, आणि बीळ सापडत नाही तेही.

"खेकरं आसतील," बाबा म्हणाले. "खेकरं बिल करतात, मंग चिखलानी आपोआप बुजतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. खेकड्याचं बीळ आपोआप बुजतं, हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. उलट पोरवयात मी आळस केला की ते ओरडायचे, बीळ आपोआप बुजत नाही, मोठं होतं. पण वय झालंय, विसरत असतील, असं म्हणून मी ते सोडून दिलं. अख्ख्या गावावर संशय घेणारा मी, तिथे मात्र उदार झालो.

मग संशयाची सुई दलालाकडे वळली. शेत थोडं खारं झालं की भाव पाडता येतो. पण तिवर आली तर त्याचीच फाइल बंद, मग तो असं का करेल? शिवाय एक गोष्ट मला झोपेत-जागेपणी टोचत होती. पाणी यायला लागलं ते भात घरात आल्यानंतर. कार्तिकात शेवटचा भारा उचलला आणि पुढच्याच उधाणाला बगळा आत. ज्याला आमचं वाटोळं करायचं असेल तो उभ्या पिकात पाणी सोडेल. हा कसला दुष्मन, जो आमचं पीक निघेपर्यंत थांबला? बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सोज्वळ चोर दिसतोय. त्याला चहाला बोलवा."

थट्टा करायला तिचं काय जातं. पुढच्या रविवारी मला शेतात पहिली रोपं दिसली. बोटभर उंच, दोन जाड चकचकीत पानं, धसकटांच्या मधोमध. मी खाली बसलो आणि दिसेल तेवढी उपटली, इकडेतिकडे बघत, आपल्याच शेतात चोरासारखा. उपटलेली रोपं खिशात भरली, कारण तिथे टाकली तर पुन्हा धरतील. खिसा ओला झाला. घरी आलो तर बाबांची नजर आधी माझ्या खिशावर गेली. दलाल पार्टीला घेऊन पुढच्या आठवड्यात येणार होता. मला वाटलं, आता वेळ घालवण्यात अर्थ नाही. चोर रंगेहाथ पकडायचा.

अमावास्या आणि पौर्णिमेला आमच्याकडे ऐन दुपारी, माणसं जेवणाच्या तयारीत असताना, भरती पुरती चढते. येणाऱ्या अमावास्येला मी रजा टाकली. नोकरीवर जातो असं सांगून निघालो आणि वळसा घालून चुलत भावाच्या तिवरात शिरलो. बगळा माझ्यावर जिथून नजर ठेवायचा तिथूनच मी आता त्याच्यावर नजर ठेवणार होतो. गुडघाभर चिखल, डास, आणि डोक्यावर ऊन. खाडीचं पाणी बांधाला लागलं, चढायला लागलं.

बगळा आधीच येऊन उभा होता. पण तो पाण्याकडे बघत नव्हता. शेत अजून कोरडं होतं. तो बांधाच्या वरच्या पायवाटेकडे, गावाच्या दिशेला मान करून उभा होता.

पायवाटेवरून बाबा आले. खांद्यावर टॉवेल, हातात काठी. मला वाटलं, म्हातारा इथे कशाला कडमडला, आता बगळा उडणार, आणि जो कोणी येणार असेल तोही सावध होणार. बाबा बगळ्याच्या दिशेने चालत गेले. आणखी जवळ गेले. बगळा उडाला नाही. त्याने मानही ताठ केली नाही. उलट दोन पावलं बाजूला सरकला, ओट्यावर बसलेला माणूस दुसऱ्याला जागा करून देतो तेवढाच. बाबा बांधाच्या बाहेरच्या अंगाला उतरले, कंबरभर पाण्यात हात घातला आणि काहीतरी उपसून काढलं. चिंध्यांचा बोळा. मग वर येऊन आतल्या बाजूचं गवत बाजूला केलं, चिखलाचा एक घट्ट गोळा काढून ठेवला. आतून पाइपचं तोंड दिसलं. माझ्याच घरच्या बाथरूमच्या कामातून उरलेला पाइप. पाणी भसकन आत आलं, पाण्याबरोबर चिंगळ्या, बारीक मासळी, आणि बगळा पंख अर्धे उघडून धावला.

माझ्या डोळ्यांसमोर सगळं एकदम उघडं पडलं. बीळ का सापडत नव्हतं, पीक घरात येईपर्यंत कोण थांबलं होतं, आणि कोणाला बघून तो संशयी पक्षी हलत नव्हता. आधी राग आला. असा राग की चिखलातून पाय काढताना एक चप्पल तिथेच राहिली ती मी वळून घेतली नाही. मला बघून बगळा ओरडत उडाला. बाबांनी फक्त मान वळवली.

"आलास?" ते म्हणाले.

"ह्या काय चाललाय, बाबा?"

"दिसतंय ना."

"आपलाच शेत खारा करतोस? आपल्या हातानी?"

"मना दुसऱ्याचा खारा करून चालला नसता." ते खाली बसले. दमले होते. पाइप बसवायला त्यांना कितीतरी ओहोट्या लागल्या असतील, एवढीशी माती रोज काढून. "तिवरं आली का कोन इकत घेत न्हाय. आन कोनाला तोरताबी येत न्हाय."

"तुला कोनी सांगितला, मी इकतोय म्हनून? त्या दलालानी?"

"कोनी कशाला सांगाया पायजे? तू येवरा मोटा झालास, कंदी पांडऱ्या बुटाच्या मानसाला घेऊन बांदावर आला व्हतास?"

मग पुन्हा भडकलो. "मंग मना विचारायचा! माज्यावर असा संशय घेन्यापरीस तोंडावर विचारायचा. मी काय चोरून इकनार व्हतो? तुला विचारूनच इकनार व्हतो."

"तीच त भीती व्हती," बाबा म्हणाले.

पाणी आत येत होतं. त्यांनी काठीने पाइपच्या तोंडाशी अडकलेलं गवत बाजूला केलं.

"तुज्यावर कशाला संशय घेऊ? तू विचारला असतास, बाबा, पोरीसाटी पायजे, त मी सही केली असती. तुला कंदी कशाला न्हाय म्हनलोय काय मी? आता या वयात न्हाय म्हनाया येनार व्हता काय? मना माजाच भरवसा न्हवता. म्हनून तू विचारायच्या आदीच करून टाकला."

ते उठले, टॉवेल झटकला. "बुजवायचा त बुजव. चिखल हितंच हाय, बोला पन हाय. भरती उतरायच्या आत भायेरचा तोंड बंद कर, न्हायतर बांद जाईल आन दुसऱ्यांची शेतं बुरतील." एवढं सांगून ते जेवायला घरी गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाच पुन्हा राग आला.

मी बांधावर उभा राहिलो, एका पायात चप्पल. पाइप बुजवला असता तर शेत अजून वाचलं असतं. चार रोपं उपटायची, पावसात मीठ धुऊन जाईल, दलालाला महिनाभर थांबवायचं, घरी जाऊन बाबांसमोर बसायचं आणि म्हणायचं, बाबा, पोरीसाठी पाहिजे. ते पेन मागतील. ते सही करतील. मला ते अगदी स्पष्ट दिसत होतं, त्यांनी चष्मा शोधणं, अक्षर वेडंवाकडं झालं म्हणून ओशाळं हसणं. आयुष्यभर लोकांच्या मनातलं काळं शोधत आलो, पण समोरचा माणूस हो म्हणेल याची भीती मला कधी वाटली नव्हती.

चिखलाचा गोळा मी उचलला नाही. भरती चढायची थांबली तेव्हा खाली उतरून बाहेरचं तोंड तेवढं बोळ्याने बंद केलं, त्यांनी सांगितलं होतं तसं. तोवर आमच्या शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी झालं होतं.

संध्याकाळी दलालाचा फोन आला. "साहेब, रविवारी पार्टीला आणतोय. ते फादरचं विचारलं ना? काय म्हणाले?"

"हो म्हणाले," मी सांगितलं.

"मग झालं की काम!"

"शेतात तिवरं आलीत," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.